धागा: भिजवलेले मनुके, हिमोग्लोबिन आणि आपल्या कोठीतला सुकामेवा

धुऱ्यावरची_बोर

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. दीड महिन्यापूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीचे हिमोग्लोबिन 9.2 इतके कमी निघाले. त्याच आठवड्यात जाऊबाईंनी बाजारातून काळे मनुके, खजूर आणि दोरीत ओवलेले अंजीर आणले. विकणाऱ्याने त्यांना सांगितले होते की, रात्री अकरा मनुके भिजत घालून सकाळी पाण्यासकट एकवीस दिवस द्या, रक्त भरून निघेल. आम्ही ते व्रत असल्यासारखे पाळले आणि बाविसाव्या दिवशी पुन्हा तपासणी केली. आकडा 9.3 आला.

माझी तक्रार विक्रेत्याविरुद्ध नाही, कारण त्याने बहुधा ऐकलेलेच सांगितले असावे. मला समजून घ्यायचे आहे ते एवढेच की, सुक्या फळांत नेमके काय असते, काय नसते, आणि कापूस विकून वर्षाचे गणित बसवणाऱ्या घराने त्यावर किती पैसे घालवावेत. सासूबाईंचे म्हणणे निराळेच आहे. त्या म्हणतात की, आमच्या वेळी घरात खारीक यायची ती लग्नाला आणि बाळंतपणाला, एरवी पोरांच्या खिशात बोरकूट, म्हणजे वाळलेल्या बोरांची पूड, असायचे आणि पोरे धडधाकट होती. ‘पोरे धडधाकट होती’ या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण जी धडधाकट नव्हती त्यांची आठवण कोणी काढत नाही. पण बोरकुटाचा मुद्दा मात्र मनात राहिला आहे. जाणकारांनी लिहावे.

पथ्यपाणी

ताई, मी ग्रामीण रुग्णालयात आहाराविषयी समुपदेशन करते आणि आपण विचारलेला प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी माझ्यासमोर येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट हिशेबाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 30 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. मनुक्यांतील लोहाचे आकडे जातीप्रमाणे आणि तक्त्याप्रमाणे बदलतात. परंतु मूठभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम मनुक्यांतून अर्धा ते फार तर दोन मिलिग्रॅम लोह मिळते. अकरा मनुक्यांचे वजन तर दहा ग्रॅमही भरत नाही. म्हणजे आपण एकवीस दिवस जे दिले त्याने दिवसाच्या गरजेचा अगदी लहानसा कोपरा भरला, आणि त्यातलेही सगळे लोह अंगी लागत नाही, कारण वनस्पतींतील लोह शरीर कमी प्रमाणात शोषते.

ते अधिक शोषले जावे असे वाटत असेल तर त्याच वेळी क जीवनसत्त्व पोटात जायला हवे, आणि इथे सुक्या फळांची एक गंमत आहे. फळ वाळताना लोह, पोटॅशियम आणि तंतू मागे राहतात, पण क जीवनसत्त्व बहुतांशी उडून जाते. त्यामुळे मनुके खाल्ल्यावर लिंबू पिळलेली डाळ, पेरू किंवा संत्रे खाल्ले तर उपयोग होतो. त्यावर लगेच चहा प्यायला तर जे थोडे होते तेही अडते. आपल्याकडे सकाळी मनुके आणि पाठोपाठ चहा अशीच रीत असते, हे मी रोज पाहते. दोहोंत किमान तासाभराचे अंतर ठेवावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. 9.2 हा आकडा खाण्यापिण्यावर सोडून देण्याचा नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, जिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असते, ती कमतरता होऊ नये म्हणून आहे. कमतरता झाल्यावर उपचाराची मात्रा निराळी असते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते. जंताचे औषध घेतले आहे का, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही विचारले जायला हवे. आणि आपण विदर्भात आहोत, जिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तेव्हा त्याची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. सिकलसेलमध्ये रक्त कमी दिसते ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. तिथे खजूर काय किंवा लोहाच्या गोळ्या काय, मूळ दुखण्यावर उपाय होत नाहीत, आणि काही रुग्णांत तपासणीविना लोह देत राहणे योग्यही नसते.

पुतणी एकटी नाही, हेही तिला सांगा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

तराजू

माझे तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे, त्यामुळे मी औषधाविषयी काही बोलणार नाही, मालाविषयी बोलतो.

आपल्याकडे मनुके आणि बेदाणे येतात ते बहुतेक सांगली-तासगाव भागातून. तिथे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि एका खास तेलाच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि पाणी लवकर निघून जाते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पिवळाधमक बेदाणा गिऱ्हाइकाला आवडतो, पण तो रंग पुष्कळदा गंधकाच्या धुरीने राखलेला असतो. केशरी, मऊ जर्दाळूचेही तसेच आहे. धुरी न दिलेला जर्दाळू काळपट तपकिरी दिसतो आणि गिऱ्हाईक तो जुना माल समजून परत करते. गंधकाची ही धुरी नियमांच्या मर्यादेत असेल तर बहुतेकांना त्रास देत नाही, मात्र दम्याच्या माणसाला तिच्यामुळे खोकला किंवा धाप लागू शकते. पाकिटावर बारीक अक्षरात ‘आयएनएस 220’ लिहिलेले असेल तर तेच गंधक समजावे. सुट्या मालावर काहीच लिहिलेले नसते, तेव्हा दम्याचा माणूस घरात असेल तर रंगावर जाऊ नये. काळा मनुका स्वस्तही पडतो आणि त्याला रंग राखायची गरजही नसते.

दोरीत ओवलेले अंजीर बहुतेक अफगाणिस्तानाकडून येतात. ते घेताना एक अंजीर दुकानदारासमोर फोडून आत पाहावे. दुकानदाराला राग आला तर ते दुकान सोडावे. मी हे स्वतःच्या धंद्याविरुद्ध लिहीत आहे, पण अंजिराच्या पोटात अळी किंवा काळी बुरशी असेल तर ती बाहेरून दिसत नाही. धुळीसाठी म्हणाल तर सगळी सुकी फळे खाण्याआधी कोमट पाण्याने धुवावीत. आठवडी बाजारात दिवसभर उघड्यावर पडलेल्या मालावर काय काय बसते ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

सहाण

माझे वय एकाहत्तर आहे आणि नातवाने हा धागा वाचून दाखवला, त्यालाच मी सांगून लिहवून घेत आहे.

खारीक आणि खजूर ही एकाच झाडाची फळे आहेत हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते. फळ पुरते पिकण्याआधी उतरवून, उकळून, वाळवले की खारीक होते. पिकून मऊ झाले की खजूर. आपल्या नाल्याकाठी जी शिंदी उभी असते ती त्याच कुळातली, फक्त तिच्या फळाला गर नावालाच असतो.

खारीक कोरडी फोडायला जाऊ नये, दात जातो. बिया काढून, तुकडे उन्हात कडक करून, खलबत्त्यात कुटावी आणि चाळणीने चाळावी. ही पूड महिनाभर टिकते आणि एक चमचा दुधात उकळली की साखर घालावी लागत नाही. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारीक, खोबरे, डिंक, खसखस आणि गोडंबी घालायची ही आमची वऱ्हाडातली रीत. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतली बी. ती बाजारात सोललेलीच घ्यावी. बिब्बा घरी फोडायचा उद्योग नवख्या बाईने करू नये, त्याचे तेल अंगाला लागले की फोड उठतात. बिबे फोडून पोट भरणाऱ्या बायांचे हात मी पाहिले आहेत, म्हणून लाडू वळताना त्यांची आठवण येते.

आता एक गोष्ट जी मी स्वतः बदलली. आम्ही तान्ह्या बाळाला गुटी देत असू आणि तीत सहाणेवर खारीक, बदाम, हळकुंड उगाळत असू. माझ्या सुनेला गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी सांगितले की, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही. मला वाईट वाटले, चार दिवस मी अबोला धरला. मग विचार केला की, सहाण कुठे ठेवलेली असते, तिच्यावर पाणी कोणते घालतो, हे आम्ही कधी पाहिले होते? आता आमच्या घरी सहाण चंदनासाठीच निघते.

दात येणाऱ्या बाळाच्या हाती खारीक चोखायला देण्याची पद्धतही सोडावी. तुकडा निघाला तर घशात अडकतो. लहानग्यांना मनुका द्यायचा तो भिजवून, कुस्करून.

झाडीपट्टीकर

गोंदिया जिल्ह्यातून लिहितो. या चर्चेत सुकामेवा म्हटला की सगळ्यांची नजर सांगलीकडे आणि अफगाणिस्तानाकडे वळते, आणि आमच्या तलावांकडे कोणी पाहत नाही, म्हणून हा प्रतिसाद.

शिंगाडा हे पाण्यातल्या वेलीचे फळ आहे. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातल्या माजी मालगुजारी तलावांत, मासेमारी करणारे आमचे ढीवर बांधव ते पीक घेतात आणि पावसाळा सरल्यावर कमरेएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडे काढतात. उकडलेला शिंगाडा हिवाळ्यात टोपलीने विकला जातो आणि उरलेला वाळवून त्याचे पीठ होते, जे आपण उपासाला खातो. म्हणजे एकादशीला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा खाणारा माणूस सुके फळच खात असतो, फक्त त्याला ते माहीत नसते. मनुक्यात साखर असते तशी शिंगाड्यात मुख्यतः पिष्ट असते. त्यामुळे तो तोंडी लावण्याचा मेवा नाही, पोटभरीचे अन्न आहे. उपासाच्या दिवशी तुपात तळलेल्या साबुदाण्यापेक्षा शिंगाड्याची भाकर केव्हाही बरी, असे माझे मत आहे.

दुसरा आमचा मेवा चारोळी. चार या झाडाचे फळ उन्हाळ्यात पिकते, वरचा गर पोरे खातात आणि बी वाळवून, जात्यावर हलक्या हाताने भरडून आतला दाणा काढतात. खिरीत आणि श्रीखंडात पडणारी चारोळी महाग का असते, हे एकदा तो दाणा स्वतः सोडवून पाहिल्यावर कळते. महाग आहे म्हणूनच फळ पिकण्याआधी ओरबाडण्याची आणि फांदीच छाटून नेण्याची वाईट सवय वाढली, आणि ज्या जंगलात लहानपणी चाराची झाडे होती तिथे आता ती शोधावी लागतात.

मोह हे फूल आहे, फळ नाही, पण वाळल्यावर ते इतके मनुक्यासारखे दिसते की ते इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली सडा पडतो, तो वेचून तीन-चार दिवस उन्हात वाळवला की लालसर तपकिरी मोहफूल तयार होते. मोहाचे नाव काढले की लोकांना दारूच आठवते. माझ्या आजीला मात्र मोहफूल भाजून, तिळाबरोबर कुटून केलेले लाडू आठवत असत, आणि ज्या वर्षी धान हातचे गेले त्या वर्षी याच लाडवांवर दिवस निघाले असे ती सांगे. त्यातही साखर भरपूर असते, हे मात्र लक्षात ठेवावे.

खारपाण

मी अकोला जिल्ह्यातला, वय अठ्ठावन्न, नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मला आमच्या एका पाहुण्यांनी सांगितले की, खजुरातली साखर नैसर्गिक असते, ती बाधत नाही. मी दोन महिने साखरेचा चहा सोडून दिवसाला आठ-दहा खजूर खाल्ले आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल पाहून डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. कोणी समजावून सांगेल का की, नैसर्गिक साखर म्हणजे नेमके काय?

पथ्यपाणी

दादा, साखर नैसर्गिक असली तरी रक्तात गेल्यावर ती साखरच असते. सात-आठ ग्रॅमच्या एका लहान खजुरात सुमारे पाच ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास एक चहाचा चमचा. मोठ्या, मांसल खजुरात त्याच्या तिप्पट. फरक एवढाच की, खजुराबरोबर तंतू आणि खनिजे येतात आणि तो चावून खावा लागतो, त्यामुळे ती साखर जरा सावकाश चढते. ‘सावकाश’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही.

सुक्या फळांचा खरा फसवा भाग त्यांचा आकार आहे. शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांत सुमारे 70 कॅलरी असतात आणि शंभर ग्रॅम मनुक्यांत सुमारे 300. वीस द्राक्षे खाल्ली की माणूस थांबतो, पण त्याच द्राक्षांचे वीस मनुके बोलता बोलता संपतात आणि हात पुन्हा डब्यात जातो. मधुमेहात दोन खजूर किंवा एक अंजीर अगदीच वर्ज्य आहे असे नाही. पण ते जेवणातल्या एखाद्या गोडाच्या जागी, मोजून आणि शेंगदाणे किंवा फुटाण्यांबरोबर घ्यावेत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या मात्रेशी त्याचा मेळ बसतो की नाही ते विचारून घ्यावे.

आपले नाव पाहून आणखी एक गोष्ट लिहिते. आपल्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेल्या, गावांतून मूत्रपिंडाचे रुग्ण आमच्याकडे येतात. ज्यांचे मूत्रपिंड नीट काम करत नाही त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठते, आणि सुकी फळे म्हणजे पोटॅशियमची गाठोडी आहेत: शंभर ग्रॅम मनुक्यांत सुमारे 750 मिलिग्रॅम, जर्दाळूत 1100 हून अधिक. निरोगी माणसाला, विशेषतः रक्तदाबाच्या दृष्टीने, हे चांगलेच आहे. पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेल्या माणसाला भेटायला जाताना पाहुणे प्रेमाने सुक्या मेव्याचा डबा घेऊन जातात, तो त्या घरात न उघडलेलाच बरा.

खारपाण

आभारी आहे. माझे क्रिएटिनिन सध्या ठीक आहे, परंतु थोरल्या भावाचे डायलिसिस सुरू आहे आणि त्यांच्या फळीवर असे तीन डबे मी स्वतः पाहिले आहेत. उद्याच जातो.

मृगबहार

वरूड भागात माझी संत्र्याची बाग आहे. इथे कोणी ना कोणी विचारीलच की, आपल्याकडे इतके संत्रे होते तर त्याचा सुकामेवा का होत नाही, म्हणून आधीच उत्तर देतो. मी तो प्रयोग केला आहे. संत्र्याच्या फोडी वाळवल्या तर पाणी निघून जाते आणि उरतो तो पापुद्रा, बिया आणि कडवटपणा. द्राक्षात गर आणि साखर दाट असते म्हणून त्याचा मनुका होतो, संत्र्यात रसच सारा. साल मात्र वाया जाऊ देऊ नये. सावलीत कडक वाळवून दळलेली साल चिमूटभर चहात किंवा शिऱ्यात घातली तर स्वाद येतो, आणि बाया ती उटण्यातही वापरतात. फक्त साल आपल्या बागेतली असावी, कारण बाजारातल्या फळावर काय फवारले आहे हे आपल्याला सांगता येत नाही.

बागेच्या बांधावर आवळ्याची अकरा झाडे आहेत आणि खरा सुकामेवा मला त्यांनी दिला. आवळे पाच-सात मिनिटे वाफवले की पाकळ्या हाताने सुटतात. त्यांना सैंधव, आल्याचा रस आणि ओवा चोळून वाळवले की आवळासुपारी होते. पहिल्या वर्षी मी गच्चीवर उघड्या उन्हात वाळवले, तर सहा दिवस लागले, माल काळा पडला आणि माकडांनी एक चादर उचलून नेली. पुढच्या वर्षी पारदर्शक प्लास्टिकच्या छताखाली जाळीच्या ट्रे ठेवून, खालून हवा येईल आणि वरून निघून जाईल असा सौर वाळवणीचा सांगाडा करून घेतला. तीन दिवसांत काम झाले आणि रंगही बराच राहिला. जितके लवकर आणि जितक्या कमी थेट उन्हात वाळेल तितके क जीवनसत्त्व कमी जाते असे मला कृषी विद्यापीठाच्या एका प्रशिक्षणात सांगितले होते, आणि आवळ्यात ते मुळातच इतके असते की वाळल्यावरही काही हाती लागते. ज्यांना हा उद्योग बचत गटातर्फे करायचा असेल त्यांच्यासाठी 2020 मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू केली. तिच्यात प्रकल्पाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते. कागदपत्रांसाठी चकरा माराव्या लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. मी चौदा मारल्या.

तराजू

साठवणुकीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून पुन्हा येतो. आपल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मनुके चिकट होऊन गोळा बनतात, आणि मृगाचा पाऊस पडला की त्याच गोळ्याला बुरशी धरते. मे महिन्याच्या शेवटी सुका माल एकदा उन्हात काढावा, पण गरम गरम बरणीत भरू नये. आत वाफ धरते आणि झाकणाला घाम येतो. पुरता गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाने ठेवावा. घरात फ्रीज असेल तर पावसाळाभर त्यातच राहू द्यावा. बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवला तर किडीच्या पाखरांची अंडीही मरतात. आंबट, दारूसारखा वास आला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले तर निवडून खाण्याच्या भानगडीत पडू नये, सगळेच टाकावे. मनुक्यावर पांढरे कण दिसले तर मात्र घाबरू नये, ती पुष्कळदा आतली साखरच बाहेर आलेली असते. कोमट पाण्यात विरघळली तर साखर, तंतूसारखी चिकटून राहिली तर बुरशी.

सहाण

पोटासाठी अंजीर कोणी सांगितले नाही. म्हातारपणी पोट साफ होत नाही, त्याला दोन अंजीर रात्री भिजवून सकाळी चावून खावेत आणि ते पाणीही प्यावे. मी चार वर्षे खात आहे. महाग पडते तेव्हा मनुके खाते. नातू म्हणतो, त्यात तंतू असतात म्हणून. असतील.

धुऱ्यावरची_बोर

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे उशीर झाला, त्याचे कारण सांगते.

पुतणीची सिकलसेल तपासणी करून घेतली. सुदैवाने ती निर्दोष निघाली. डॉक्टरांनी जंताचे औषध आणि रोज घ्यायच्या लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीने मळमळते म्हणून ती टाळत होती, आता जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेते. जाऊबाईंनी सकाळचा चहा तासभर पुढे ढकलला आहे, ज्यामुळे घरात सर्वांत मोठे वादळ माझ्या दिरांच्या बाजूने उठले. काल तपासले तेव्हा आकडा 10.1 होता.

मनुके बंद केलेले नाहीत, पण त्यांची जागा बदलली आहे. शाळेच्या फाटकाशी मिळणाऱ्या रंगीत गोळ्या आणि कुरकुऱ्यांच्या पुड्यांऐवजी तिच्या डब्यात आता मूठभर फुटाणे, शेंगदाणे आणि दहा-बारा मनुके असतात. पाव किलो मनुके तिला एकटीला महिनाभर पुरतात, आणि पुड्यांवर जाणारे पैसे मांडून पाहिले तर खर्च वाढलेला नाही. अंजीर सासूबाईंसाठी तेवढे आणतो. मनुके खाल्ल्यावर ते दातांना चिकटून राहतात, तेव्हा चूळ भरायची, हेही मी वर्गात सांगायला सुरुवात केली आहे.

बोरकुटाचे मात्र राहूनच गेले. आमच्या वावराच्या धुऱ्यावर गावरान बोरीची चार झाडे आहेत आणि यंदा फळ भरपूर आहे. सासूबाई म्हणतात की, बोरे वाळवून कुटायची, पण आठळीसकट कुटायची की काढून, यावर त्यांचे आणि शेजारच्या आजींचे एकमत होत नाही.

सहाण

आठळीसकट कुटू नये. बोर आधी फोडून आत अळी आहे का ते पाहावे, गावरान बोरात हमखास असते. चांगली बोरे बाजेवर फडके टाकून आठ-दहा दिवस कडक वाळवावीत, रात्री घरात घ्यावीत, नाही तर दव खाऊन पुन्हा नरम पडतात. मग उखळात हलक्या हाताने, मुसळ नुसते सोडत कुटावे. गर सुटतो आणि आठळी अख्खी राहते. सुपाने आठळ्या पाखडून काढाव्यात, पूड चाळावी, तीत थोडे मीठ आणि किसलेला गूळ मिसळावा. गूळ घालायचा तो खायच्या दिवशीच, आधी घातला तर पावसाळ्यात पाणी सुटते.

झाडीपट्टीकर

आजी, आमच्याकडे आठळ्याही फोडतात आणि आतला इवलासा दाणा पोरे खातात.

सहाण

आमच्याकडेही खात. पण ते दुपारभर दगड घेऊन बसणाऱ्या पोरांचे काम आहे बाबा, ते कुटणारीने करायचे नाही.